तीस डॉलरचे टॅब ते 2109 : कर मतपत्रिकेवर येतो तेव्हा

तळ्याकाठी | 20 ऑक्टोबर 2024

वॉशिंग्टन राज्याच्या मतपत्रिका शुक्रवारपासून टपालानं यायला लागल्या आहेत. राष्ट्राध्यक्षपदावर इथं आधीच तीन धागे पळताहेत, तेव्हा तो विषय इथं नको. मतपत्रिकेवर त्याच्याही आधी चार प्रश्न छापलेत, त्यातल्या 2109 वर बोलू.

भारतातल्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. या राज्यात 1912 पासून लोकांना स्वतः कायदा मांडता येतो, त्याला इनिशिएटिव्ह म्हणतात. मागच्या गव्हर्नर निवडणुकीत जेवढी मतं पडली त्यांच्या आठ टक्के सह्या जमवायच्या. 2024 साठी हा आकडा 3,24,516 होता. रेडमंडला राहणारे हेज फंडवाले ब्रायन हेवूड यांनी स्वतःचे साठ लाख डॉलरच्या आसपास घालून एकदम सहा प्रस्तावांच्या सह्या जमवल्या. त्यातले तीन विधिमंडळानं मार्चमध्ये स्वतःच मंजूर करून टाकले (राज्यात आयकर नको हा त्यातलाच एक), उरलेले तीन आपल्यापुढे आले. नैसर्गिक वायूचा चौथा नंतर वेगळा आला.

2109 म्हणजे 2021 साली मंजूर केलेला सात टक्के कॅपिटल गेन्स कर रद्द करा. शेअर, बाँड वगैरे विकून वर्षाला अडीच लाख डॉलरच्या वर नफा झाला तर वरच्या रकमेवर हा लागतो. महागाईप्रमाणे ती मर्यादा वाढते, 2024 साठी ती 2,70,000 होती. पहिल्या वर्षी चार हजारांच्या आसपास लोकांनी भरला आणि पाऊणशे कोटी डॉलरच्या वर रक्कम जमली. ती शाळा आणि बालसंगोपनाला जाते.

माझा अंदाज, 2109 सपाटून पडणार. आणि हेच मतदार वीस-पंचवीस वर्षं करकपातीला मतं देत आलेत. 1999 मध्ये मुकिल्टिओ गावातले टिम आयमन यांनी 695 नंबरचा प्रस्ताव आणला. कॉलेजातल्या बंधुसंघांना घड्याळं विकण्याचा यांचा धंदा. तेव्हा गाडीच्या किमतीवर दरवर्षी 2.2 टक्के कर होता, नंबरप्लेटवरचा टॅब (दरवर्षीच्या नोंदणीचा स्टिकर) घेताना एकरकमी भरायचा. आयमन म्हणाले, गाडी कुठलीही असो, सरसकट तीस डॉलर. शिवाय यापुढे कुठलाही कर वाढवायचा तर आधी लोकांना विचारा. 56 टक्के मतं मिळाली. पुढच्या वर्षी राज्याच्या सुप्रीम कोर्टानं प्रस्ताव घटनाबाह्य ठरवला, पण तोवर विधिमंडळानं घाबरून तीस डॉलरचा कायदा स्वतःच करून टाकला होता!

मग पैसे आले कुठून? बस आणि फेरीबोटींच्या सेवा कापल्या गेल्या. 2000 च्या नोव्हेंबरात किंग काउंटीच्या (म्हणजे सिॲटल ज्यात येतं त्या जिल्ह्याच्या) मतदारांनीच बससाठी सेल्स टॅक्स 0.2 टक्क्यांनी वाढवून दिला. आज सिॲटलमध्ये सेल्स टॅक्स दहा टक्क्यांच्या वर आहे. त्याविरुद्ध एवढ्या सह्या गोळा झालेल्या मी पाहिल्या नाहीत, कारण तो पावतीपावतीतून जातो. वर्षाची बेरीज कुणी घरी पाठवत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. घरी बिल आलं की लोक पेटतात. कराचा आकडा किती मोठा आहे त्याच्याशी याचा फार संबंध नाही. 2109 वाला कर बहुतेकांच्या घरी येतच नाही, म्हणून तो टिकणार. बोला.

---

चौकस | 21 ऑक्टोबर

धागा आवडला. एक बाळबोध प्रश्न. एका धनिकानं साठ लाख घालून सह्या गोळा केल्या, तर हे नागरिकांचं आंदोलन कसं?

---

तळ्याकाठी | 21 ऑक्टोबर

@चौकस, प्रश्न रास्त आहे. दुकानाबाहेर क्लिपबोर्ड घेऊन उभी असलेली बरीच माणसं पगारी असतात, काहींना सहीमागे पैसे मिळतात. कोलोरॅडोनं पगारी सह्यांवर बंदी घातली होती. 1988 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं ती उडवली, याचना करायला माणसं नेमणं हेही अभिव्यक्तीत येतं म्हणून. तेव्हापासून सह्यांची बाजारपेठच झाली आहे. पण सही विकत मिळाली तरी मत मिळत नाही, हा माझा दिलासा.

सही करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. अर्जावरची नावं सार्वजनिक दस्तऐवज असतात. त्यावर याच राज्यातला खटला 2010 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. नावं उघड करण्याला कोर्टानं सरसकट मनाई केली नाही.

---

बे_वासी | 21 ऑक्टोबर

घरी येणारं बिल म्हणालात तर या सगळ्याचा मूळपुरुष आमच्या कॅलिफोर्नियातला. 6 जून 1978, प्रॉपोझिशन 13, प्रॉपर्टी टॅक्सला लगाम घालणारा प्रस्ताव. हॉवर्ड जार्विस आणि पॉल गॅन. सह्या बारा लाखांच्या वर, मतं 65 टक्क्यांच्या आसपास.

लोक याला स्वार्थी घरमालकांचं बंड म्हणून मोकळे होतात, पण आधीची गोष्ट सांगत नाहीत. साठच्या दशकापर्यंत इथले असेसर (करासाठी मालमत्तेची किंमत ठरवणारे अधिकारी) राहत्या घरांची किंमत मुद्दाम कमी लावायचे आणि दुकानं-कारखान्यांची जास्त. कायद्यात तसं नव्हतं, पण घरमालक मतदार आणि असेसर निवडून यायचा, त्यामुळे चालायचं. मग सॅन फ्रान्सिस्कोचे असेसर रसेल वोल्डन लाचखोरीत सापडले. किंमत कमी लावून द्यायचे पैसे घेत होते. विधिमंडळानं 1966 मध्ये सुधारणा आणली : सगळ्यांना एकच प्रमाण, खऱ्या बाजारभावाच्या 25 टक्के. सुधारणा प्रामाणिक होती, पण घरमालकाला मिळणारी ती गुपचूप सवलत तिनंच संपवली. सत्तरच्या दशकात घरांचे भाव भडकले आणि ते भाव थेट बिलात उतरले. निवृत्त माणसाचं पेन्शन तेवढंच आणि प्रॉपर्टी टॅक्स दोन-तीन वर्षांत दुप्पट. तिकडे राजधानी सॅक्रामेंटोत राज्याच्या तिजोरीत पाच अब्ज डॉलरच्या आसपास शिल्लक पडून होती, आणि ती वाटायची कशी यावर आमदारांचं एकमत होईना.

त्याआधी असे प्रस्ताव पडलेच होते. लॉस एंजेलिसचे असेसर फिलिप वॉटसन यांचे 1968 आणि 1972 मध्ये पडले, खुद्द गव्हर्नर रेगन यांचा 1973 मध्ये पडला. म्हणजे 1978 चे लोक वेगळे नव्हते, बिलं वेगळी होती. मतदानाच्या थोडे आधी लॉस एंजेलिसच्या असेसरनं नवी मूल्यांकनं जाहीर केली आणि उरलेसुरले कुंपणावरचेही जार्विसकडे गेले. तळ्याकाठी, तुमच्या मुद्द्याला याहून चांगला पुरावा नाही.

आता त्यानं काय झालं ते. किमती 1975 च्या पातळीला मागे नेल्या, कर त्यांच्या एक टक्का, आणि किंमत वर्षाला फार तर दोन टक्क्यांनी वाढवायची. घर विकलं तरच खरा भाव लागतो. गृहीत धरा, 1975 मध्ये पन्नास हजारांचं घर, तेव्हापासून तेच मालक. आज कागदोपत्री किंमत 1,32,000 च्या आसपास, कर साधारण 1,320 डॉलर. शेजारचं तसंच घर आपल्यातल्या कुणीतरी परवा वीस लाखांना घेतलं, त्याचा कर वीस हजार. रस्ता एक, शाळा एक, अग्निशमनाचा बंब एकच. हा भेद समानतेच्या तत्त्वाविरुद्ध आहे म्हणून खटला गेला, 1992 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं 8 विरुद्ध 1 नं भेद मान्य केला.

वर दोन तृतीयांशची अट. राज्याचा कर वाढवायचा तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश, गावाचा विशेष कर तर मतदारांत दोन तृतीयांश. म्हणजे नको म्हणणाऱ्याचं एक मत हो म्हणणाऱ्याच्या दोन मतांना भारी. आमच्याकडे दर एक-दोन वर्षांनी शाळेच्या पार्सल टॅक्सची (प्रत्येक मालमत्तेवरच्या ठरावीक कराची) मोहीम निघते. त्यात आपली मराठी मंडळी दारोदार फिरताना दिसतात, 65 टक्के मिळवून हरतात आणि पुन्हा उभी राहतात.

---

हिरवंकार्ड | 22 ऑक्टोबर

मी तेरा वर्षं बेलव्ह्यूत आहे, कर सगळे भरते, मत नाही. क्लिपबोर्डवाला विचारतो "नोंदणीकृत मतदार?", मी नाही म्हटलं की पुढच्याकडे वळतो. इथं सॉफ्टवेअरमध्ये असलेले आपले निम्मे लोक असेच असतील. तुमच्या चर्चेत आमची बाजू कोण मांडणार?

---

अनामिक_वाचक | 22 ऑक्टोबर

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

जमाखर्च | 22 ऑक्टोबर

मी 2109 ला "हो" म्हणणार आहे, म्हणजे कर रद्द करा. या धाग्यावर अल्पमतात दिसतोय म्हणून नीट लिहितो.

आधी काही गैरसमज, कारण व्हॉट्सॲपवर भलतंच फिरतंय. घर विकलं तर हा कर नाही, स्थावर मालमत्ता वगळली आहे. 401के, म्हणजे निवृत्तीचं बचत खातं, वगळलं आहे. कंपनीचे शेअर तुमच्या खात्यात पडतात तेव्हा ते वेतन असतं, त्यावरही नाही. पडल्यानंतर जो भाव चढला आणि तुम्ही विकलेत, तो नफा मोजायचा. मर्यादा नवरा-बायको मिळून एकच आहे. दहा वर्षं शेअर हात न लावता ठेवून एका वर्षात सगळे विकणाऱ्यानं मात्र सावध राहावं. असे लोक आपल्यात आहेत.

आता माझं कारण. 1932 मध्ये याच राज्यात आयकराचा प्रस्ताव 70 टक्क्यांनी मंजूर झाला होता. पुढच्याच वर्षी राज्याच्या सुप्रीम कोर्टानं तो उडवला : उत्पन्न ही मालमत्ता, आणि मालमत्तेवरचा कर सगळ्यांना एकसारखा हवा. त्यानंतर चढत्या दराचा आयकर इथं अडला. 2010 मध्ये बिल गेट्स यांच्या वडिलांनी पुढाकार घेऊन श्रीमंतांपुरता आयकर आणायचा प्रयत्न केला, 64 टक्क्यांनी पडला. आणि मार्च 2023 मध्ये कोर्टानं काय म्हटलं? कॅपिटल गेन्सवरचा कर हा उत्पन्नावरचा करच नाही, विक्रीच्या व्यवहारावरचा अबकारी कर आहे. केंद्र सरकार आणि बाकीची राज्यं त्याला उत्पन्न समजतात. एवढी पातळ भिंत उरल्यावर मर्यादा अडीच लाखांवरून खाली यायला किती वेळ लागतो? साधं बहुमत पुरतं.

साधं बहुमत का, तेही सांगतो. लोकांनी 1993, 2007, 2010 आणि 2012 अशा चार वेळा मत दिलं की कर वाढवायला विधिमंडळात दोन तृतीयांश हवेत. फेब्रुवारी 2013 मध्ये कोर्टानं 6 विरुद्ध 3 नं सांगितलं, घटना बदलल्याशिवाय साध्या कायद्यानं अशी अट घालता येत नाही. कायदा म्हणून निकाल बरोबर असेल. पण त्याच मतदारांना "तुम्हाला फक्त बिल दिसतं" म्हणून हिणवू नका. चार वेळा मत दिलंय त्यांनी, आणि त्या प्रश्नात कुणाच्याही घरचं बिल नव्हतं, फक्त नियम होता.

---

तळ्याकाठी | 22 ऑक्टोबर

जमाखर्च, हा मुद्दा मला अडचणीचा आहे, मान्य. दोन तृतीयांशच्या प्रश्नाला बिलाचं स्पष्टीकरण पुरत नाही. तिथं सरळ अविश्वास आहे.

पण आयमन यांचाच 976 नंबरचा प्रस्ताव बघा. 2016 मध्ये सिॲटल परिसराच्या मतदारांनी रेल्वेसाठी तिसरा मोठा आराखडा मंजूर केला, त्यात टॅबवरचा कर 0.3 वरून 1.1 टक्के होणार असं लिहिलेलं होतं. मार्च 2017 मध्ये बिलं आल्यावर बोंब झाली. खरं दुखणं वेगळंच निघालं. गाडीची किंमत नव्वदच्या दशकातल्या कोष्टकानं धरत होते, त्यात नव्यासारखी गाडी बाजारभावापेक्षा महाग दिसायची. कोष्टक वेळीच बदललं असतं तर अर्धा राग विरला असता. ते केलं नाही. आयमन यांनी 2019 मध्ये पुन्हा तेच तीस डॉलर आणले, राज्यभर 53 टक्के मिळाले. सिॲटलमध्ये तो पडला. ऑक्टोबर 2020 मध्ये कोर्टानं एकमतानं उडवला, कारण एका प्रस्तावात एकच विषय हवा आणि मतपत्रिकेवरचं शीर्षक दिशाभूल करणारं होतं.

आयमन यांच्याबद्दलही सांगायला हवं. मोहिमेच्या पैशातून स्वतःला मोबदला घेत असल्याचं 2002 मध्ये त्यांनीच कबूल केलं, आणि 2021 मध्ये न्यायाधीशांनी 26 लाख डॉलर दंड करून राजकीय समित्यांच्या पैशांचा कारभार करायला मनाई केली. पण त्या माणसाला प्रश्न विचारायची कला अवगत होती. "तीस डॉलर" हे तीन वर्षांच्या पोरालाही पाठ होतं. त्याचं उत्तर द्यायला सरकारला पानभर मजकूर लागायचा.

---

डोंगरपायथा | 23 ऑक्टोबर

डेन्व्हरहून. आमच्याकडे कोलोरॅडोत 1992 पासून टेबर (करदात्यांचा हक्कनामा) आहे, थेट राज्यघटनेत. त्यामुळे कोर्टात जाऊन उडवायची सोय नाही. कुठलाही कर वाढवायचा, तर मतदान. महसूल लोकसंख्या आणि महागाईच्या बेरजेपेक्षा जास्त वाढला तर जादाचे पैसे परत. 2022 मध्ये माणशी 750 डॉलरचे चेक घरी आले. तळ्याकाठी, तुमच्या इथं बिल येतं, आमच्या इथं चेक येतो, आणि आमचं मत कुठं पडतं ते ओळखा.

मतपत्रिकेवर करवाढीचा प्रश्न कसा लिहायचा हेही टेबरनंच ठरवून दिलंय. सुरुवातच "राज्याचे कर इतक्या डॉलरनं वाढवावेत काय" अशी, आकड्यासकट, आणि छापतात सगळं मोठ्या लिपीत. शाळेला काय मिळणार ते नंतर. मतदार पहिल्या ओळीतच दचकतो.

मग सरकार काय करतं? कर म्हणायचंच नाही. फी म्हणायचं. रस्ता, पूल, दवाखाना, सगळ्यांना "एंटरप्राइझ" (फीवर चालणारा स्वतंत्र उपक्रम) करून फी लावायची, ती मर्यादेत धरत नाहीत. 2010 मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्जनं पैसे नाहीत म्हणून रस्त्यावरचे एक तृतीयांश दिवे बंद केले होते. टेबर लिहिणारे डग्लस ब्रूस त्याच शहरातले. पुढं ते करचुकवेगिरीत दोषी ठरले. मी काही बोलत नाही.

---

पंचगंगा | 23 ऑक्टोबर

कोल्हापूरकडून एक प्रतिसाद. आमच्याकडे मतपत्रिका नव्हती, रस्ताच होता. शहरातले रस्ते ठेकेदारानं बांधायचे आणि शहराच्या वेशीवर टोल घ्यायचा, असा करार झाला. गावातला माणूस शेतावर जाऊन परत आला की टोल. एन. डी. पाटील सरांच्या नेतृत्वाखाली टोलविरोधी कृती समिती झाली, त्यात कॉम्रेड पानसरेही होते. मोर्चे, बंद, नाके पेटवण्यापर्यंत गेलं ते, जानेवारी 2014 मध्ये. 2015 च्या शेवटी सरकारनं टोल रद्द केला. पण रस्त्यांचे पैसे ठेकेदाराला सरकारनं द्यायचेच होते, म्हणजे शेवटी ते आपल्यातूनच गेले. तळ्याकाठींच्या बससारखंच.

मतदानाचं म्हणाल तर आपल्याकडे दारूच्या दुकानावर आहे, आडवी बाटली. गावातल्या पंचवीस टक्के बायकांनी मागणी करायची, मग गुप्त मतदान. आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात. ज्या आल्याच नाहीत त्यांचं मत आपोआप उभ्या बाटलीला. शेतात कापणी चालू असताना तारीख लावली की संपलं. वॉशिंग्टनमध्ये घरी न उघडलेली मतपत्रिका "नाही" धरली असती तर किती प्रस्ताव पास झाले असते?

---

तळ्याकाठी | 23 ऑक्टोबर

@पंचगंगा, बहुधा एकही नाही. इथं पडलेल्या मतांचं साधं बहुमत पुरतं. मात्र शाळेच्या बाँडला 60 टक्के लागतात, आणि तिथं तुमच्या आडव्या बाटलीसारखीच रडारड असते.

---

बे_वासी | 24 ऑक्टोबर

अवांतर : कॅलिफोर्नियात यंदा राज्याचा कुठलाही नवा कर मतदारांपुढे न्यायलाच हवा असा प्रस्ताव सह्यांसकट तयार होता. जूनमध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टानं तो मतपत्रिकेवरूनच काढला. घटनेत एवढा मूलभूत फेरफार इनिशिएटिव्हनं करता येत नाही, असं म्हणून. मतदानाआधीच काढणं मला पटलं नाही. पडला असता तर पडला असता.

---

जमाखर्च | 24 ऑक्टोबर

@बे_वासी +1. आणि आमच्या मतपत्रिकेवर 2109 च्या खाली छापलेली ओळ वाचलीत? हा प्रस्ताव शालेय शिक्षण, उच्च शिक्षण, शाळा बांधकाम, पूर्व-बालशिक्षण आणि बालसंगोपनाचा निधी कमी करेल, असं. 2022 च्या कायद्यानं ही ओळ सक्तीची केली. कर रद्द करताना काय जातं ते सांगता, ठीक. मग विधिमंडळ कर वाढवतं तेव्हा कुणाच्या खिशातून किती जातं ते छापायचं बंद का केलं? 2007 च्या कायद्यानं करवाढीवर सल्लामत घ्यावं लागायचं, गेल्या वर्षी ते रद्द केलं. तराजू एकाच बाजूनं धरलाय.

---

तळ्याकाठी | 24 ऑक्टोबर

सल्लामताला कायदेशीर किंमत शून्य होती आणि भाषा दरवेळी भडक. गेलं ते बरं झालं. पण ओळीबद्दल तुमचं अर्धं ऐकतो. 1999 मध्ये 695 खाली "बस आणि फेरी कमी होतील" असं छापलं असतं तर 56 टक्के मिळाले असते का, याचा विचार करतोय.

---

तळ्याकाठी | 28 नोव्हेंबर

काउंट्यांनी निकाल आता प्रमाणित केले. 2109 ला 64 टक्के "नाही". कर राहिला. कार्बन प्रदूषणावर पैसे आकारणारा कायदा रद्द करा म्हणणाऱ्या 2117 ला 62 टक्के "नाही", दीर्घकालीन शुश्रूषेच्या विम्यातली सक्ती काढा म्हणणाऱ्या 2124 ला 55 टक्के. नैसर्गिक वायूचा 2066 मात्र जेमतेम 52 टक्क्यांनी पास.

2117 माझ्या मताला छेद देतो, हे जमाखर्च सांगण्याआधी मीच सांगतो. कार्बनचा खर्च पेट्रोल पंपावर सगळ्यांनाच दिसत होता, तरी लोकांनी कायदा ठेवला. 2124 तर दर महिन्याच्या पगारपत्रकात दिसतो, आणि पडलेल्या तिघांत तिथंच फरक सगळ्यात कमी पडला. एवढं माझ्या बाजूनं.

---

जमाखर्च | 28 नोव्हेंबर

हरलो, ठीक. पण 2010 मध्ये श्रीमंतांच्या आयकराला "नाही" म्हणणारे 64 टक्के आणि यंदा श्रीमंतांचा कर काढायला "नाही" म्हणणारे 64 टक्के. असलेलं राहू दे, नवं आणू नका, एवढाच अर्थ मी काढतो. सॅक्रामेंटो असो की आमची राजधानी ऑलिंपिया, आमदार यातून भलताच अर्थ काढणार हे नक्की.

---

हिरवंकार्ड | 29 नोव्हेंबर

माझा प्रश्न तसाच राहिला.

---

तळ्याकाठी | 29 नोव्हेंबर

@हिरवंकार्ड, राहिला खरा. मत नाही, सही नाही, हे बदलणारं काही माझ्याकडे नाही. पण जानेवारीत ऑलिंपियाचं अधिवेशन सुरू होतं. विधेयक समितीपुढे आलं की विधिमंडळाच्या संकेतस्थळावर बाजूनं किंवा विरोधात नाव नोंदवता येतं, घरबसल्या व्हिडिओवर बोलताही येतं. तिथं नागरिकत्वाची अट नाही. करांची विधेयकं सहसा दोन्ही सभागृहांच्या अर्थविषयक समित्यांकडे जातात. फेब्रुवारीत बऱ्याच शाळा जिल्ह्यांच्या लेव्ही (शाळांसाठीचा स्थानिक मालमत्ता कर) मतदानाला येतील. त्या मोहिमेत फोन करायला, पत्रकं वाटायलाही मतदार असावं लागत नाही. तुमचा जिल्हा कुठला?